निळीच्या रांजणासाठी सोडलेली बातमी

जोगनाथ महाराज माळशेंदला आले ते देवळात न उतरता निळाऱ्यांच्या आळीत उतरले. नीळ आंबवायचे रांजण तिथे जमिनीत पुरलेले असत, आणि त्यांच्या वासामुळे बाकीचा गाव ती वाट टाळी. महाराज म्हणाले, "कष्टाचा वास आहे. सवय होईल." त्यांची घोंगडी चिमाबाईच्या ओसरीवर पडली.

चिमाबाईचा नवरा निंबाजी सहा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गेला, तो परतला नाही. पाठीमागे धाकटा महादू तापाने गेला. उरलेल्या दोघी, ती आणि थोरली येसू, एका रांजणावर पोट भरत. बाई रोज सकाळी कुंकू लावी. समोरच्या बाळाप्पाला, ज्याचे आळीत पाच रांजण होते, त्या कुंकवाची मोठी गंमत वाटे.

"चिमे, हे कुणाच्या नावानं लावतेस? पत्ता तरी ठाऊक आहे का त्याचा?" असे तो चारचौघांत विचारी. एकदा तिने महाराजांना विचारले, पुसून टाकू का? महाराज म्हणाले, "तुझं मन म्हणेल तेव्हा पूस. त्याच्या तोंडाला भिऊन पुसू नको."

चैत्रात, ऐन लग्नसराईत, बाळाप्पाचा मोठा रांजण नासला. चुना घातला, गूळ घातला, पण नीळ फसफसून वर उठेना. अशा वेळी निळाऱ्यांचा एक जुना तोडगा होता. गावात एखादी धादांत खोटी बातमी सोडायची. लोकांनी ती खरी मानली की नीळ उठते. बाळाप्पाने बातमी निवडली.

दुपारी येसू धापा टाकत आली. "आये, बाळाप्पाकाका सांगत्यात, बा वेशीत बसलाय."

चिमाबाई तशीच, कोपरापर्यंत निळ्या हातांनी, धावली. वेशीत एक कुत्रे झोपले होते. मागून माणसे जमली. बाळाप्पा हसत पुढे आला. "धावलीस की गं! आता माझी नीळ उठतीय बघ."

चिमाबाई निळाऱ्याचीच लेक. तोडगा तिला समजावून सांगावा लागला नाही. ती मटकन खाली बसली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिचा हात कपाळाकडे गेला, पुसायला.

"थांब, बाई," महाराज म्हणाले. ते मागोमाग आले होते. "दिवस मावळू दे. मग कर तुला करायचं ते." आणि ते तिच्याशेजारी धुळीत बसले. बाळाप्पाला एवढेच म्हणाले, "तुझं खोटं देवाच्या दारात जाऊन पडलंय. आता देवाला उठावं लागेल."

"बसा," बाळाप्पा म्हणाला. "उन्हात बसून मेलेली माणसं येत नसतात, महाराज."

महाराज जागचे हलले नाहीत. साऱ्या गावाने ते पाहिले.

ऊन कलले तेव्हा रस्त्यावर एक माणूस काठी टेकत येताना दिसला. सुरुंगाने दोन्ही डोळे गेलेले, दाढी छातीवर. चालीवरून ओळखले ते चिमाबाईनेच. निंबाजी सांगू लागला, वीस कोसांवरच्या एका धर्मशाळेत आपण पडून होतो. आज दुपारी एक गोसावी आला, काठीचे टोक धरले आणि 'वेशीत वाट बघतायत' म्हणून ओढत निघाला. आत्ता, या वळणावर सोडून गेला.

"दमलास का रे?" महाराजांनी विचारले.

आंधळ्याने झटकन आवाजाकडे मान वळवली. "हेच! यांनीच काठी धरली होती माझी."

मग निंबाजीने विचारले, "महादू कुठाय?"

आलेल्या माणसाला हे सांगणे चिमाबाईच्याच वाट्याला होते. "महादू गेला. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या वर्षी." निंबाजी खाली बसला. दोघे तिथेच, भर वेशीत रडले. महाराजांनीही डोळे टिपले. जे गेले ते त्या दिवशी परत आले नाही, आणि आले असे महाराजांचे भक्तही कधी सांगत नाहीत.

खोटी बातमी खरी ठरली. बाळाप्पाची नीळ उठली नाही. तीन दिवसांनी त्याने रांजण ओतून दिला आणि ओसरीवर येऊन महाराजांचे पाय धरले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझे नव्हेत. तिकडे."

तिकडे अंगणात निंबाजी रांजण ढवळत होता. नीळ कधी पिकली हे त्याला नुसत्या वासावरून कळे. चिमाबाई रंगवलेल्या सुताचे पिळे झटकत होती. बाळाप्पाने तिच्या पायांपाशी डोके टेकले.

"उठा, भावजी," ती म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती. "नव्या रांजणाला विरजण लागंल. आमच्यातली नीळ न्या. भांडं आणलंय?"

बाळाप्पाने भांडे आणले नव्हते. इथून काही न्यायचे असेल, हे त्याच्या ध्यानीमनीच नव्हते. त्याला उठवेना. त्याने कपाळ पुन्हा जमिनीला लावले, आणि चिमाबाई घरातून घागर आणायला वळली.