एका बोटाची चूक

भातखाचरांतल्या पाण्याचा कारभार प्राण्यांकडे होता, त्या काळातली गोष्ट. टिटवीने सर्वांत खालच्या बांधावर चार अंडी घातली होती आणि पाणी चढत होतं. एका खाचराचं तोंड उघडलं की शेजारच्या खाचराची पातळी बदले, त्यामुळे चाळीस खाचरांचा मेळ एकत्रच बसवावा लागणार होता.

खेकडा म्हणाला, "वरच्या खाचरापासून एकेक मोजत येतो. उतरेल ते अचूक."

"गेल्या वर्षीही अचूकच उतरलं होतं, खेकडोबा," टिटवी हळूच म्हणाली. "पण तोवर अंडी वाहून गेली होती. चारच खाचरं असती, तर तुम्हालाच सांगितलं असतं."

तिने बेडकाला बोलावलं. तो म्हणाला, "मी अंदाजाने प्रत्येक तोंड थोडंथोडं उघडतो, मग पुन्हा पहिल्यापासून फिरतो. दर फेरीला चूक कमी होते, बाई, पण संपत नाही."

"मग थांबायचं कधी?" खेकड्याने टोमणा मारला.

"ते बाई सांगतील."

सातव्या फेरीनंतर पाणी अंड्यांच्या चार बोटं खाली आलं. टिटवी म्हणाली, "पुरे."

खेकड्याने नांगी बुडवून पाहिली. "अचूक पातळीपेक्षा अजून एक बोट चुकतंय."

"चुकू द्या," म्हणत टिटवी अंड्यांवर बसली. खालची माती कोरडी होती.