पांढरा वरवंटा, काळा पाटा

फार फार पूर्वी, राजे होते पण त्यांची नावं कुणी लिहून ठेवत नव्हतं तेव्हा, एका डोंगराच्या पायथ्याशी पाथरवटांच्या दोन वाड्या होत्या. वरची वाडी ठिपक्याठिपक्यांचा पांढरा दगड घडवी, खालची वाडी जड काळा. आज आपण त्यांना ग्रॅनाइट आणि गॅब्रो म्हणतो. तिथे ते नुसते पांढरा आणि काळा होते.

या लोकांची एक रीत होती. नवरीने माहेरच्या दगडाचा वरवंटा न्यायचा आणि सासरच्या पाट्यावर पहिली चटणी वाटायची. दोन्ही दगड एका कुळीचे नसले, तर लग्न मोडायचं.

वरच्या वाडीतल्या गोजराचा जीव खालच्या वाडीतल्या एका पाथरवटावर जडला. घरचे राजी होते, पंच मात्र अडून बसले.

"पांढऱ्याची काळ्याशी सोयरीक होत नाही," खालच्या वाडीचे म्हातारे मुख्य पंच म्हणाले. "पलीकडच्या गावच्या मुली शेतातल्या काळ्या दगडाचा वरवंटा आणतात, तो चालतो. तो काळ्याचा भाऊच आहे."

"कशावरून, आबा?" गोजराला हे विचारायची लहानपणापासूनची खोड.

"रंगावरून. आणखी कशावरून?"

गोजराने अंगणात दगड फोडायला घेतले. पांढऱ्यात काचेसारखे दाणे, गुलाबी दाणे, चकाकणारे पापुद्रे. काळ्यात काळपट हिरवे दाणे आणि राखाडी दाणे, शिवाय हाताला तो जड. पंचांचंच खरं निघतंय की काय, असं तिला वाटलं. तरी तिने शेतातला दगडही फोडला. डोळे बारीक करून पाहिलं, पण त्यात दाणा म्हणून दिसेना.

असं का, हे काही तिला उमजेना. बाजारात खडीसाखर करणारी बाई बसली होती. गोजरा तिच्यापुढे थबकली.

"मावशी, तुझे खडे एवढे मोठे कसे होतात?"

"पाक झाकून ठेवते गं. सावकाश निवला की खडे वाढतात. उघड्यावर पटकन निवला, तर नुसती भुकटी."

गोजरा तशीच घरी गेली आणि तिन्ही तुकडे नि आपला पांढरा वरवंटा घेऊन पंचांपुढे गेली.

"पांढऱ्याचा नि काळ्याचा पाक निराळा, हे खरंय," ती म्हणाली. "पण दोघेही जमिनीच्या पोटात झाकलेले राहिले, सावकाश निवले. म्हणून दोघांचे दाणे टपोरे. हा शेतातला उघड्यावर घाईने निवलाय. रंगाने तो काळ्याचा भाऊ असेलही, आबा. पण एका पोटात वाढलेत ते हे दोघे."

मुख्य पंचांनी तुकडे उन्हात धरले. बराच वेळ ते उलटसुलट करून पाहत राहिले. मग तुकडे खाली ठेवून ते म्हणाले,

"माझ्या लेकीचं लग्न मी तिच्या सासरच्या पांढऱ्या पाट्यापायी मोडलं. ती पुन्हा बोहल्यावर चढली नाही. तेव्हा दगड फोडून बघायचं मला सुचलं नाही."

म्हातारे पंच उठले, गोजराचा पांढरा वरवंटा त्यांनी आपल्या खांद्यावर घेतला आणि खालच्या वाडीची वाट धरली.

म्हणून लहानथोरांनो, नातं जुळवायचं की तोडायचं हे रंगावरून ठरवू नये, आधी घडण पाहावी.