झाकणावरचं पागोटं

दाजीबा खोताला धीर म्हणून ठाऊक नव्हता. कोळीवाड्यात चांगुणेकडे शेवंड खायला आला, तो थेट चुलीपाशीच जाऊन बसला.

"शेवंड बिघडली, तर तुमची मासळी सुकवायची जागा काढून घेईन," त्याने बजावलं आणि लगेच मडक्याचं झाकण उचललं. "झाली?"

सगळी वाफ निघून गेली. चांगुणेने झाकण ठेवलं; त्याने पुन्हा उचललं. अशाने शेवंड कच्चीच राहणार! पुन्हा हात पुढे आला, तशी चांगुणा म्हणाली, "खोत, एक राहिलंच. आमच्यात शेवंड शिजताना झाकणावर मानाच्या पाहुण्याचं पागोटं ठेवतात. शिजायच्या आत ते हललं, तर पाहुण्याचा मान गेला."

खोताने छाती फुगवून पागोटं ठेवलं. मग त्याचे हात शिवशिवले, दहादा मांडी बदलली, नाक पार मडक्याजवळ नेलं. पण दारात सगळा कोळीवाडा बघत उभा! पागोट्याला हात लावतो कोण?

शेवंड लालबुंद, लोण्यासारखी मऊ निघाली. बोटं चाटत खोत म्हणाला, "ही रीत कधी ऐकली नव्हती."

"कशी ऐकाल?" पागोटं परत देत चांगुणा म्हणाली, "झाकण उचलणारा पाहुणा आजवर आला नव्हता."