शेवरवाडीची कळलावी

शेवरवाडीत घर कितीही लहान असो, कुंपणावर कळलावीचा वेल असतोच. श्रावणात त्यावर पिवळी-तांबडी, जाळासारखी फुलं येतात. कंद मात्र विषारी. सहा महिन्यांची लेक कडेवर असल्यामुळे मी कमळूआजींच्या दारी पोचताच शहाणपणा केला, "आजी, मुलांच्या हाताशी हे कशाला?"

कमळूआजी वाडीच्या जुन्या सुईण. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बस. सांगते."

फार पूर्वी म्हणे कळलावी फक्त रानात होती, आणि तिची जागा एकट्या ठमी सुईणीला ठाऊक. बाई अडली की ठमी कंद उगाळून तिच्या तळपायांना लेप लावायची. मूल झालं की तो लगेच धुऊन काढायची. वाडीतल्या बायका जागा विचारायच्या. ठमीला वाटे, जागा कळली तर मला कोण बोलावणार? शेवटी तिनं सांगून टाकलं, "ओढ्याकाठी, कुंभ्याच्या झाडाखाली." तिथं काहीच नव्हतं.

पुढे ती दुसऱ्या गावी बाळंतपणाला गेली, आणि इकडे माहेरी आलेली तिचीच लेक येसू अडली. बायका कुदळी घेऊन कुंभ्याकडे धावल्या. हात सोलवटेपर्यंत खणत राहिल्या. येसू गेली. पोटातलं मूलही गेलं.

ठमी परतली तेव्हा, असं सांगतात, तिला कोणी बोल लावला नाही. उलट बायकाच मान खाली घालून म्हणाल्या, "आम्हीच नीट खणलं नसेल गं."

हे सांगताना आजींचा आवाज इतका उतरला, की मलाच कुठे बघावं कळेना.

चौथ्या दिवशी ठमी रानातून टोपलीभर कंद घेऊन आली. नांगरासारखे दुबेळके, दोन फाट्यांचे कंद; टोकाचा डोळा मोडला तर उगवत नाहीत, म्हणून एकेक पानात गुंडाळलेला. दारोदारी कुंपणाशी एकेक लावला आणि प्रत्येक दारी म्हणाली, "कुंभ्याखाली कधीच नव्हती. मी खोटं बोलले."

"मग बायका काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार, बाई? पुढच्या दारच्या बाईनं आपणच खड्डा खणून ठेवला."

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात. लेप कोणी लावत नाही. पण आजही नवं मूल घरी आलं की आजी कंद घेऊन त्या दारी जातात, कुंपणाशी बसतात आणि ठमीचं ते वाक्य स्वतःच्या तोंडानं म्हणतात. खड्डा घरच्यांनी आधीच खणून ठेवलेला असतो.