गेनबाच्या पायासाठी फुगा

एका गावात एक सनईवाला होता, इतका भोळा की कुणी ‘बसा’ म्हटलं तर ‘उठा’ म्हणेपर्यंत तो बसूनच राही. नाव गेनबा. त्याची मुलगी तेजल तालुक्याच्या कॉलेजात शिकत होती, आणि घरात डोकं काय ते तिला एकटीलाच होतं.

चालताना गेनबाची पोटरी भरून येऊ लागली. गावातले डॉक्टर म्हणाले, “दुखलं की थांबायचं.”

“बरं,” गेनबा म्हणाला.

चार दिवसांनी लग्न होतं. पुढे गेनबाची सनई, मागे घोड्यावर नवरदेव, त्यामागे अख्खं वऱ्हाड. अरुंद बोळात पोटरी दुखली. गेनबा थांबला. घोडा थांबला. वऱ्हाड थांबलं. मुहूर्त तेवढा थांबला नाही.

नवरदेवाचा मामा कडाडला. तेजल त्याच्याहून मोठ्यानं कडाडली. “अण्णा, थांबायचं तर बाजूला व्हायचं! मागच्यांना पुढे जाऊ द्यायचं!”

“असं होय? बरं.”

पुढे पायाचा अंगठा काळा पडू लागला. तेजलनं वडलांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, रांगेत उभं केलं आणि केसपेपर काढायला गेली. परत येते तर गेनबा भिंतीला चिकटून उभा.

“पोटरी दुखली, तेजे. मागच्यांना पुढे सोडतोय.”

मागच्यांच्या मागून आणखी मागचे येत होते. शेवटचा माणूस आत गेला आणि दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला दंडाला धरूनच आत नेलं. डॉक्टर म्हणाले, “पायाची रक्तवाहिनी तुंबलीय. बारीक नळीतून आत फुगा घालू, तिथे फुगवू, वाट मोकळी झाली की काढून घेऊ. मी उद्या पाचपर्यंतच इथे आहे, मग एकदम पुढच्या आठवड्यात. तोवर हा पाय राहणार नाही. कापावा लागेल.”

तेजलनं वडलांना समोर बसवलं. “अण्णा, उद्या आत स्वतःचं डोकं चालवायचं नाही. डॉक्टरांच्या तोंडून शब्द निघाला की तिथल्या तिथे करायचं. का, कशाला, विचारायचं नाही.”

हेच तिला जन्मभर मोठी माणसं सांगत आली होती. तिनं कधी ऐकलं नव्हतं. गेनबानं ऐकलं.

“बरं.”

दुसऱ्या दिवशी गेनबा हिरव्या झग्यात टेबलावर आडवा झाला. डॉक्टर पडद्यावरचं पायाचं चित्र बघत मदतनिसाला म्हणाले, “हा फुगा लहान पडेल. पळ, मोठा घेऊन ये.”

मदतनीस कपाटाकडे वळला. डॉक्टर वळले, तर टेबल रिकामं.

ते बाहेर आले. “तुमचे वडील कुठायत?”

“आत,” तेजल म्हणाली.

“आत नाहीत.”

सगळा दवाखाना पालथा घातला. चार वाजले. साडेचार वाजले. तेजलच्या डोळ्यांपुढे तो काळा अंगठा नाचू लागला. पाचला दहा कमी असताना गेनबा फाटकातून लंगडत आला. घामानं झगा पाठीला चिकटलेला. दोन्ही हातांनी त्यानं पाण्याच्या पिंपाएवढा लाल फुगा कवटाळला होता.

“अण्णा, पाय जाईल तुमचा!” तेजल रडतही होती आणि ओरडतही होती.

“मी थांबतो,” डॉक्टर दारातून म्हणाले. “आणा त्यांना आत.”

गेनबानं फुगा जपून डॉक्टरांच्या हातात दिला.

“बाजारात याहून मोठा नव्हता, साहेब. तुम्हाला दम लागला असता, म्हणून फुगवूनच आणलाय. आता नुसता आत घाला.”