अर्धी उघडी चावी

"पण माई, एवढा आवाज येतोच कसा?"

हेरंबने पुन्हा विचारलं. तो पुण्याचा इंजिनिअर. हुशार होता, आणि हे विसरायला त्याला अजून जमलं नव्हतं.

हिमालयातल्या त्या जुन्या आश्रमात वाफेवर खोल्या ऊबदार ठेवतात. तळघरातल्या बॉयलरमधून लोखंडी नळीने वाफ वर खोलीखोलीतल्या रेडिएटरच्या पोकळ लोखंडी कप्प्यांत येते. तिथे गार होऊन तिचं पाणी होतं, आणि ते त्याच नळीने खाली परतायचं असतं. हेरंबच्या खोलीतली नळी मात्र आत बसून कुणी हातोडी मारत असल्यासारखी वाजायची. ध्यानाला बसलं की हमखास.

त्याने सांधे तपासले, पट्ट्या आवळल्या, चिंध्यासुद्धा गुंडाळल्या. ठणठणाट तसाच.

आश्रमातल्या पूर्णामाई नळीला कान लावून बसल्या होत्या. वय झालेलं, पण आत काय चाललंय याची उत्सुकता चेहऱ्यावर मावत नव्हती.

"नळीवरची वाफेची चावी किती उघडलीस?"

"अर्धी. पूर्ण उघडली की उकडतं, बंद केली की गारठतं. मध्यम मार्ग, माई."

माई गालातल्या गालात हसल्या. मग घरचं काय म्हणून विचारलं.

हेरंबचा चेहरा उतरला. लग्न झाल्यापासून तो थोडा इथे, थोडा पुण्यात असाच राहत आला होता. सकाळी मृण्मयीचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. या वेळी ती रडली नाही, भांडलीही नाही. संन्यास घ्यायचा तर घे, संसार करायचा तर कर, पण आज संध्याकाळी मला काय ते एकदा सांग, एवढंच म्हणाली. तिच्या त्या शांत आवाजाची त्याला भीती वाटली होती.

"मी तिला समजावेन. हिवाळा इकडे, उरलेलं वर्ष तिकडे. कुणालाच दुखवायला नको..."

नळी ठणकली.

माईंनी वाकून चावी पूर्ण बंद केली. थोडं खडखडलं, मग थांबलं. खोली गार होत गेली. हेरंबने शाल ओढून घेतली.

मग माईंनी चावी पूर्ण उघडली. आतलं पाणी घळघळ खाली गेलं. वाफ वर आली. हळूहळू खोलीत ऊब भरली, आणि नळी गप्पच राहिली.

हेरंब चावीकडे बघत होता.

"अर्ध्या चावीत पाणी अडकत होतं," तो स्वतःशीच म्हणाला. "परत जायला वाट नव्हती. वाफ येऊन त्यावर आदळायची."

"हं."

बाहेर ऊन कलायला लागलं होतं.

"मग माई... मी जाऊ, की राहू?"

माई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"आवाज तर दोन्ही वेळेला थांबला."