तळमजल्यावरची बैठक

पोलिओ झालेल्या माझ्या बहिणीला, नलूला, पाठीवर घेऊन मी रोज विद्यापीठाचे तीन जिने चढायचे. माझं लग्न ठरलं आणि तिचं शिक्षण सुटायची वेळ आली.

नव्या कुलगुरू गजभियेबाई आयुष्यभर मानवी हक्कांसाठी झगडलेल्या. नलूचा वर्ग तळमजल्यावर भरवा, अशी विनंती घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तशा त्या आम्हाला थेट विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेच्या बैठकीत घेऊन गेल्या.

परिषदेतले घाटेसाहेब गरजले, "एका मुलीसाठी अख्खा वर्ग खाली आणायचा? ही काय धर्मशाळा आहे?"

बाईंनी हळूच विचारलं, "साहेब, सभागृह वर असताना आपली बैठक इथे खाली का भरते हो?"

"माझे गुडघे..." साहेबांचा हात गुडघ्यावर गेला.

"एका माणसासाठी अख्खी परिषद खाली आली, साहेब. कुणी कुरकुरलं का?"

सोमवारी वर्ग खाली भरला. नलू आता तिथेच शिकवते. तो जिना दिसला, की माझ्या गळ्याभोवती अजून तिचे हात जाणवतात.